सांगलीची पिशवी, कृष्णेचं पात्र आणि समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही शेजारीपाजारी रविवारी सकाळी कृष्णेच्या घाटावर प्लास्टिक गोळा करतो. संस्था नाही, वर्गणी नाही, फलक नाही. फिरायला आलेली माणसं थांबतात, थोडा वेळ बघतात आणि प्रश्न विचारतात. कुणी काळजीने विचारतं, कुणी चिडून. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा सवडीने लिहून काढली.

समुद्र इथून एवढा लांब. सांगलीच्या कचऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध पाण्याचा आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाईवरून खाली येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पुढे कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र ओलांडून, सुमारे १,४०० किलोमीटर वाहून, ती हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. आपल्याला समुद्र म्हटलं की रत्नागिरी आठवते, कारण घाट उतरला की कोकण. पण सह्याद्रीच्या अलीकडे पडलेलं पाणी पूर्वेला जातं. (कोयनेचं विजेसाठी वळवलेलं पाणी तेवढं चिपळूणकडे वाशिष्ठीत उतरतं.) सांगलीच्या गटारात पडलेली पिशवीही नदीच्याच वाटेला लागते.

वाटेत एवढी धरणं आणि बंधारे आहेत. प्लास्टिक तिथेच अडकणार ना?

बरंचसं अडकतं. म्हैसाळचा बंधारा, राजापूरचा बंधारा, मग हिप्परगी, अलमट्टी, नारायणपूर, पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. एवढी सगळी दारं पार करून सांगलीची पिशवी समुद्र गाठेल, याची शक्यता मुंबईतल्या मिठी नदीत पडलेल्या पिशवीपेक्षा पुष्कळ कमी आहे. हे मी घाटावर मोकळेपणाने सांगतो. समुद्राची भीती घालून कुणाला कामाला लावायचं नाही.

पण 'अडकतं' म्हणजे कुठे जातं, हा पुढचा प्रश्न आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२२ मध्ये जगाच्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. त्यात २०१९ पर्यंत समुद्रांत साचलेलं प्लास्टिक सुमारे ३ कोटी टन होतं आणि नद्यांमध्ये साचलेलं जवळजवळ ११ कोटी टन. म्हणजे समुद्रात आहे त्याच्या साडेतीन पटींहून जास्त प्लास्टिक अजून वाटेवर आहे: काठांवर, गाळात, बंधाऱ्यांच्या मागे, केंदाळाच्या (जलपर्णीच्या) मुळांत. उन्हाने ते कडक होतं, त्याचे तुकडे पडतात, आणि पाच मिलिमीटरपेक्षा बारीक झालं की त्यालाच मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हे कण सगळेच बंधाऱ्याला अडत नाहीत. पिण्याचं पाणी आपण याच नदीतून उचलतो आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या, जमिनीवर याच नदीचा गाळ बसतो.

'जगातल्या दहा नद्याच समुद्र घाण करतात' असं वाचलं होतं. मग आपण कशाला?

तो अंदाज २०१७ सालचा होता आणि तो फार फिरला. २०२१ मध्ये जास्त बारकाईने केलेला अभ्यास आला. त्यात नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के एक हजाराहून जास्त नद्यांमधून जातं असं निघालं, आणि त्यात शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. हे सगळं मिळून वर्षाला ८ लाख ते २७ लाख टन. हा आकडा एवढा सैल का, असं कुणी विचारलं तर कारण साधं आहे: नदीतलं प्लास्टिक प्रत्यक्ष मोजलेल्या जागा थोड्या आहेत, बाकीचा हिशेब गणिताने केलेला आहे. पण निष्कर्ष पक्का आहे. दोन-चार मोठ्या नद्या धरून हे काम होणार नाही, ते शहराशहरांत करावं लागेल.

प्लास्टिक नदीत जातं तरी कसं? आम्ही तर घंटागाडीत टाकतो.

जे घंटागाडीपर्यंत पोहोचतं ते सहसा नदीत जात नाही. जे पोहोचत नाही ते जातं. २०२४ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या पन्नास हजारांहून जास्त शहरांचा हिशेब मांडला. जगात वर्षाला सुमारे ५ कोटी २० लाख टन प्लास्टिक मोकळ्यावर जातं किंवा उघड्यावर जळतं, आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ ९३ लाख टन. त्यातलं निम्म्याहून जास्त जाळलेलं. आपल्यासारख्या देशांत याचं मुख्य कारण लोकांचा बेफिकीरपणा निघालं नाही. कचरा उचललाच जात नाही, हे निघालं.

आपल्या भाषेत सांगतो. गाडी सकाळी साडेसातला येते. घरातली बाई त्या वेळी कामावर निघालेली असते, म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यावरून उतरू शकत नाहीत, भाड्याच्या खोलीतली पोरं रात्रपाळी करून झोपलेली असतात. एक दिवस चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्या दिवशी पिशवीला वास सुटतो. मग रात्री कुणीतरी ती पिशवी कोपऱ्यावर ठेवतं, नाहीतर नाल्यात सोडतं. कुत्री फाडतात, गाय खाते, उरलेलं वाऱ्याने गटारात. पहिल्या वळवाच्या पावसात गटार नाल्याला आणि नाला नदीला. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरीनाला सांगलीकरांना पाठ आहे. पण शहराचं नदीकडे जाणारं प्रत्येक गटार हा लहानसा शेरीनालाच आहे.

त्या रात्री पिशवी सोडणाऱ्या माणसाला शिव्या देऊन काही हाती लागत नाही. गाडी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आली, तर त्यातली निम्मी माणसं तसं करणार नाहीत. इतक्या वर्षांत घाटावर बोललेल्या लोकांवरून माझं हे ठाम मत झालं आहे.

महापुराचा याच्याशी काय संबंध?

सांगलीत पावसाळ्यात एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच: 'आयर्विनला किती फूट?' म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी आधी काठ ओलांडून येत नाही, नाल्यांमधून उलटं शहरात शिरतं. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट इथल्या लोकांना हे सांगायला नको. आणि उतरताना ते घराघरांतलं, कोपऱ्याकोपऱ्यावरचं, वर्षभर नाल्यात साचलेलं सगळं बरोबर घेऊन जातं.

त्या पुरानंतर मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळीत गेलो होतो. ऊस आडवा पडला होता आणि बांधावरच्या बाभळीला शेंड्यापर्यंत प्लास्टिक लटकलं होतं. खालून एक काळी ओळ दिसत होती, तिथपर्यंत पाणी चढलेलं. आम्ही काठीने हाताला येईल तेवढं ओढलं. खताच्या गोणीची पट्टी, शाम्पूच्या पुड्यांची अखंड माळ, लहान मुलाच्या रेनकोटची बाही आणि दुधाची एक पिशवी. तिच्यावरची छपाई वाचता येत होती. त्या मळीचा मालक म्हणाला, 'दादा, पाणी आठ दिवसांत गेलं. हे माझ्या नातवाला वेचावं लागंल.'

दुसरी बाजू आहे तुंबण्याची. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात गटारं पिशव्यांनी तुंबली होती, ती राज्यात पिशव्यांवर निर्बंध येण्याचं एक मोठं कारण ठरली. आपल्याकडे नदी धोक्याच्या खाली असतानाही तासाभराच्या पावसात चौकात गुडघाभर पाणी होतं, तेव्हा चेंबरचं झाकण उचलून बघा. आत काय बसलं आहे ते दिसेल.

ओला-सुका वेगळा केल्याने नदीतलं प्लास्टिक कसं कमी होणार?

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ज्याला नदीतलं प्लास्टिक थांबवायचं आहे त्याने आधी भाजीचे देठ सांभाळायला हवेत.

आपल्या शहरांतल्या घरचा कचरा वजनाने निम्मा किंवा त्याहून जास्त ओला असतो: देठ, साली, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. वास येतो तो त्याचाच. दोन दिवस घरात ठेवता येत नाही तो त्याच्याचमुळे. कुत्री आणि गाई येतात त्या त्याच्यासाठी, आणि त्याच्या नादात प्लास्टिक फाडतात, गिळतात, पसरवतात. नुसतं सुकं प्लास्टिक एका पोत्यात भरून बाल्कनीत आठवडाभर ठेवा, काही होत नाही. ते फेकून देण्याची घाई कुणालाच नसते.

आता एक बिस्किटाचा कागद आणि एक दुधाची पिशवी घ्या आणि वरणभातात कालवा. संध्याकाळपर्यंत ती पिशवी विकण्याच्या लायकीची राहत नाही. धुवायला पाणी, वाळवायला जागा आणि मजुरी लागते. भंगारवाला ती घेत नाही, निवडणाऱ्या बायकांना तिला हात लावणं नको होतं. तीच पिशवी कोरडी असती तर तिला किंमत होती. ज्याला किंमत आहे ते प्लास्टिक रस्त्यावर राहत नाही, कुणीतरी उचलतंच. म्हणून रस्त्यावर तुम्हाला कधी पितळेचा नळ पडलेला दिसत नाही.

आणखी एक हिशेब. ओला कचरा घरी, इमारतीत किंवा प्रभागात जिरला, तर गाडीचा भार जवळपास निम्मा होतो. तीच गाडी, तेच डिझेल, तेच कामगार दोन फेऱ्या मारू शकतात. वरच्या प्रश्नातली संध्याकाळची फेरी इथूनच निघते.

घरी खत करायचं म्हणजे फ्लॅटमध्ये वास, चिलटं...

ओलं जास्त झालं की वास येतो. तळाला भोकं असलेली बादली घ्या, खाली नारळाच्या शेंड्या किंवा उसाचं पाचट, रोजच्या कचऱ्यावर मूठभर कोरडी माती किंवा सुकी पानं. चिलटं झाली तर कोरडं वाढवा. शिजवलेलं अन्न सुरुवातीला टाकू नका. सांगलीत पाचट फुकट मिळतं, हा आपला मोठा फायदा आहे.

आम्ही वेगळा देतो, पण गाडीत एकत्रच ओततात. मग कशाला करायचं?

हा राग खरा आहे. मी आधी दुसऱ्या एका गावात राहत होतो. तिथे वर्षभर नेमाने दोन बादल्या भरल्या, आणि एक दिवस गाडीच्या मागे जाऊन बघितलं तर मधली फळी काढून टाकलेली. फार वाईट वाटलं. गाडीवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, 'तुम्ही चार घरं वेगळं देता, बाकीची सत्तर एकत्र देतात. फळी ठेवून मी काय करू?'

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. गाडी आणि गल्ली एकाच वेळी बदलावी लागते. आमच्या अनुभवात उपयोग झाला तो एवढाच: शहरभराची मोहीम सोडून एकच गल्ली धरायची. तिच्यातल्या बहुतेक घरांनी महिनाभर नीट वेगळं द्यायचं आणि मग मुकादमाला बोलावून दाखवायचं. भरलेल्या दोन बादल्या समोर असल्या की बोलणं वेगळं होतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांत वर्गीकरण ही नागरिकाची जबाबदारी आहे आणि वेगवेगळं उचलणं ही स्थानिक संस्थेची. दोन्ही बाजू सांगा.

तोवर सुका कचरा गाडीत देऊच नका. पोत्यात साठवा आणि महिन्यातून एकदा भंगारवाल्याला किंवा कचरावेचक ताईंना द्या.

कोणतं प्लास्टिक विकलं जातं आणि कोणतं नाही?

पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्या पेट प्लास्टिकच्या. त्यांना मागणी चांगली, त्यांचा धागा होतो. तेलाचे कॅन, फिनेलच्या बाटल्या, बादल्या, मोडक्या खुर्च्या, टाक्या हे जाड प्लास्टिक, तेही भंगारात चालतं. दुधाच्या पिशव्या, साखरेच्या आणि धान्याच्या स्वच्छ पिशव्या पॉलिथीनच्या असतात, कोरड्या असतील तर चालतात. तेलाच्या पिशव्या चिकट असतात म्हणून लोक टाळतात. आत थोडं कोमट पाणी आणि राख घालून खळखळवली की काम होतं.

खरी अडचण पुढे आहे. वेफर्स, बिस्किटं, गुटखा, शाम्पू, तयार मसाले यांची चकचकीत पाकिटं. त्यांत प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. हे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. वजन जवळजवळ काहीच नाही, म्हणून कचरावेचकालाही परवडत नाही. दिवसभर वाकून किलोभर जमणार नाही. घाटावर आम्हाला संख्येने सर्वांत जास्त सापडतात ती हीच पाकिटं, आणि त्यांतही गुटख्याच्या पुड्या. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे.

अशी पाकिटं वेगळी जमवून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून पाठवता येतात. तिथे तापमान खूप जास्त असतं, म्हणून ते उघड्यावर जाळण्यापेक्षा पुष्कळ बरं. डांबरी रस्त्यातही वापरता येतं. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांना त्या पद्धतीसाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण या दोन्ही वाटा शेवटच्या आहेत. मूळ पाकीट एकाच थराचं बनवणं हा खरा उपाय, आणि तो कंपन्यांच्या हातात आहे.

दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचं काय प्रकरण आहे?

पिशवी फोडताना आपण कोपरा कापतो आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून मोरीत जातो. पिशवी जमा होते, कोपरा कधीच होत नाही. कुठल्याही यंत्रात, कुठल्याही जाळीत तो सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती. घरटी रोज एक कोपरा धरला, तरी रोज लाखभर तुकडे होतात.

पिशवीला आडवी चीर द्या आणि कोपरा तिलाच चिकटलेला राहू द्या. आम्ही घाटाच्या पायऱ्यांच्या फटींमधून चिमट्याने हे कोपरे काढून एका बरणीत ठेवतो. लहान मुलांना त्या बरणीचं सर्वांत जास्त कुतूहल वाटतं, आणि घरी जाऊन आईला कात्री कशी लावायची ते तीच शिकवतात.

जाळून टाकलं तर?

नको. पीव्हीसी आणि मिश्र कचरा कमी आचेवर जळला की डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्यं तयार होतात. शेकोटीत प्लास्टिक टाकू नका, बंब पेटवायला तर अजिबात नको. तो धूर आधी आपल्याच घरात शिरतो.

'बायोडिग्रेडेबल' पिशव्या चालतील का?

पिशवीवर 'कंपोस्टेबल' आणि आयएस १७०८८ हे मानक छापलेलं असेल, तर ती योग्य तापमानाच्या मोठ्या खत प्रकल्पात कुजते. नदीत किंवा गटारात ती तशी कुजत नाही. 'उन्हात विरघळणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पिशव्यांचे फक्त बारीक तुकडे होतात. मंडईला जुन्या साडीची पिशवी नेणं हे अजूनही सर्वांत सोपं उत्तर आहे.

बंदी आहे ना? मग पिशव्या येतात कुठून?

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर केली, जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये आणि तीन महिन्यांची कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, चमचे, पेले, ताटल्या, थर्माकोलची सजावट अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉन जाडीची हवी.

बंदीने फरक पडला, लग्नातले थर्माकोलचे पेले कमी झाले. पण छापा पडतो तो टोपलीवाल्या मावशींवर. पिशवी बनवणारा कारखाना आणि ठोक व्यापारी लांब राहतात. दंड वरपासून खाली यायला हवा. शिवाय बंदीत न बसणारं प्लास्टिक, म्हणजे वरची चकचकीत पाकिटं, बंदी असलेल्या वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यामुळे बंदीवर विसंबून गोळा करण्याची व्यवस्था ढिली सोडता येत नाही.

कचरावेचक आणि भंगारवाले यांचं या सगळ्यात काय स्थान?

प्लास्टिक नदीत जाण्यापासून प्रत्यक्ष हाताने थांबवणारी माणसं तीच आहेत. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरात गेलं, असा एक मान्यताप्राप्त अंदाज आहे. आपल्याकडे पेट बाटल्या त्यापेक्षा खूप जास्त प्रमाणात गोळा होतात ते या माणसांमुळे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. त्या बायका आता दारोदार कचरा घेतात, ओळखपत्रासह. नवी यंत्रं येताना या लोकांना बाहेर काढलं, तर शहर एक चालू असलेली व्यवस्था मोडून टाकतं.

तुमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंचं नाव विचारा. काच फुटली असेल तर कागदात गुंडाळून वर लिहा. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा आणि वेगळे द्या. हे त्यांच्या हातांसाठी आहे.

कुठल्या शहराने हे करून दाखवलं आहे?

लांब कशाला, कराड बघा. कोयना आणि कृष्णेच्या प्रीतिसंगमावरचं गाव, आपल्या वरच्या अंगाला. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकवस्तीच्या शहरांत ते देशात पहिलं आलं. कराडने कचरा सांभाळला तर फायदा आपल्याला होतो, कारण पाणी तिकडून इकडे येतं. आणि सांगलीने सांभाळला तर शिरोळला, कुडचीला, अथणीकडच्या गावांना. नदीच्या काठावर प्रत्येक गाव कुणाच्या तरी वरच्या अंगाला असतं.

छत्तीसगडमधल्या अंबिकापूरमध्ये महिला बचत गट दारोदार कचरा घेतात आणि हाताने निवडून विकतात. तिथे २०१९ मध्ये प्लास्टिक आणून द्या आणि जेवण घ्या असं केंद्र निघालं. इंदूर फार मोठं शहर, तिथे ओल्या कचऱ्यापासून रोज ५५० टन क्षमतेचा गॅस प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. लोक प्रकल्पाचे फोटो काढतात. पण तो प्रकल्प चालतो, कारण घराघरातून ओलं वेगळं येतं. मिश्र कचऱ्यावर उभारलेले असे कित्येक प्रकल्प देशात बंद पडले आहेत. सांगलीसारख्या शहराने अंबिकापूरकडून जास्त शिकावं असं मला वाटतं, कारण बायकांचे बचत गट आपल्याकडे आधीच आहेत.

नाल्याच्या तोंडाशी जाळी लावली तर?

लावावी. पण जाळी रोज किंवा दिवसाआड साफ करणारा माणूस आधी ठरवावा आणि मग जाळी. साफ न केलेली जाळी म्हणजे बांध. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वस्तीत शिरतं. तरंगत्या अडथळ्यांना हा धोका कमी, पण ते फक्त वर तरंगणारं पकडतात. पिशव्या तरंगतात, पाणी भरलेली पेट बाटली तळाला जाते. नालेसफाई मे महिन्यात झाली तर खरी. आणि काढलेला गाळ काठावर तसाच ठेवला तर जूनमध्ये तो परत आत जातो.

निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून टाकतात. लोकांच्या भावनांचं काय?

भावना फुलाची असते, पिशवीची नाही. फुलं कलशात द्या, पिशवी घरी परत न्या. मी स्वतः आधी पिशवीसकट टाकत असे, वडील तसंच करायचे. एकदा एका आजींनी घाटावर एवढंच म्हटलं, 'बाळ, कृष्णामाईला फूल दे. ती पिशवी कुठं ठेवील?' त्यानंतर हात झाला नाही.

शेतातल्या प्लास्टिकचं काय?

आपल्या जिल्ह्यात हा विषय शहराइतकाच मोठा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. भाजीपाल्याच्या वाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोणी, द्राक्षबागेतल्या औषधांच्या बाटल्या. मल्चिंग पेपर पातळ असेल तर काढताना फाटतो आणि तुकडे मातीतच राहतात. थोडा जाड घेतला तर एका ओढीत निघतो आणि विकलाही जातो. ठिबकच्या नळ्यांना भंगारात चांगला भाव येतो. औषधाची बाटली तीन वेळा धुवा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी पाणी प्यायला वापरणार नाही. ओढ्यात बाटली टाकू नका, मासे मरतात ते लगेच दिसतं.

या सगळ्याला पैसा कोण देणार?

आपण घरपट्टीबरोबर स्वच्छतेसाठी काही रक्कम भरतो, तेवढ्यात भागत नाही. कचऱ्यावरच्या खर्चाचा मोठा भाग गोळा करण्यात आणि वाहून नेण्यात जातो, म्हणून ओलं जवळच जिरवण्याचा आग्रह. दुसरा वाटा कंपन्यांचा आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकाने तेवढं प्लास्टिक परत गोळा करून प्रक्रिया करणं बंधनकारक आहे. तो पैसा मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रक्रिया केंद्रांपाशी थांबू नये, तालुक्याच्या गावातल्या निवडणाऱ्या हातांपर्यंत यावा. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारायचा प्रश्न हा आहे.

श्रीमंत देश आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्लास्टिक वापरतात. दोष आपल्याला का?

दरडोई वापर त्यांचा आपल्या कित्येक पट आहे, हे खरंच. २०१८ मध्ये चीनने आयात बंद करेपर्यंत त्यांचा बराच प्लास्टिक कचरा तिकडे जात होता, हेही खरं. प्लास्टिकच्या प्रदूषणावर जागतिक करार व्हावा म्हणून २०२२ पासून चर्चा चालू आहेत. २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला एकमत झालं नाही. आपण तिथे हक्काने बोलावं. पण कराराची वाट बघत आपल्या पोराने शाम्पूच्या पुड्यांच्या माळा वेचाव्यात, हे मला मान्य नाही.

रविवारी यायचं असेल तर काय आणायचं?

जाड रबरी हातमोजे, एक गोणी, पाण्याची आपली बाटली. चप्पल नको, बूट घाला. पायऱ्यांच्या फटींत काचा असतात. सुया, इंजेक्शनं दिसली तर हात लावू नका, आम्हाला बोलवा. वेचलेलं तिथेच निवडायचं: बाटल्या एका गोणीत, कोरड्या पिशव्या दुसऱ्या, चकचकीत पाकिटं तिसऱ्या. कपडे आणि देवांच्या तसबिरी वेगळ्या ठेवतो. पावसाळ्यात पाणी पायऱ्यांवर आलं की घाटावर कुणी उतरायचं नाही. तेव्हा आम्ही गल्लीतल्या चेंबरच्या जाळ्या मोकळ्या करतो, त्यासाठी एक लांब आकडी लागते. घरात जुनी असली तर घेऊन या.